साळवेसर बाईंना मरू देत नसत

“बाईंना आज तुम्ही मारा. मी सकाळपासून भिंती करतोय.”

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य कानावर आलं तेव्हा मला त्या ऑफिसात येऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. आवाज वयस्क आणि शांत होता. बँकेत पासबुक भरून मागतात तसा.

“किती वेळा, सर?” एका तरुण आवाजाने विचारलं.

“पाण्यात दोनदा, लाव्हारसात एकदा. आणि कालचं दरीतलं राहिलंय.”

“दरीतलं तुमच्याकडे होतं.”

“होतं. पण मी त्यांना ढकलणार नाही.”

माझी पहिलीच नोकरी होती. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि जिन्याचं दार किती लांब आहे ते पाहून ठेवलं.

दुपारपर्यंत उलगडा झाला. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत आमची कंपनी मोबाइल फोनवरचे खेळ तयार करत असे. टीव्हीला जोडून खेळायचा एक जुना, जगभर गाजलेला खेळ होता. एक अंतराळवीर बाई एका परग्रहावरच्या गुहांत एकटी उतरते आणि वाट काढत बाहेर येते. माझ्या मामेभावांनी लहानपणी तो खेळून खेळून टीव्हीची काच गरम केली होती. त्याचा दुसरा भाग परदेशातल्या मालकांनी तळहातावर मावणाऱ्या फोनसाठी काढायचं ठरवलं आणि काम पुण्यात आलं. खेळाचं नाव मी लिहीत नाही. नाव कुठे सांगणार नाही अशी सही केली होती, आणि ती अजून लागू आहे की नाही हे विचारायला जाण्याचा माझा स्वभाव नाही.

माझं काम शब्दांचं होतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला इंग्रजी चांगलं येतं असं सगळे धरून चालत. खरं तर मी दोन्ही भाषांत सारखंच कमी बोलते, पण लिहायला हरकत नसते. पार्टिशनपलीकडचा तो वयस्क आवाज साळवेसरांचा, आणि त्यांचं काम खेळ तपासण्याचं. आणि खेळ तपासायचा म्हणजे त्यातल्या बाईंना शक्य त्या सगळ्या प्रकारांनी मारून बघायचं. बुडवायचं, जाळायचं, कड्यावरून टाकायचं, आणि प्रत्येक वेळी खेळ नीट पुन्हा सुरू होतो का ते पाहायचं. तपासनीस मुलं हे काम सामोसा खाताखाता करत. साळवेसर करत नसत. बाकी काहीही द्या म्हणत. गुहेच्या प्रत्येक भिंतीवर बाईंना नेऊन आदळायचं आणि भिंत लागते की त्या आरपार जातात ते बघायचं, हे कंटाळवाणं काम कुणालाच नको असे. साळवेसर ते आनंदाने घेत आणि त्याबदल्यात आपल्या वाटची मरणं वाटून टाकत. ऑफिसात हा व्यवहार इतका रुळला होता की “एका मरणाला दोन खोल्यांच्या भिंती” असा भावही ठरलेला होता.

सर पन्नाशी ओलांडलेले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, पायात सँडल. पूर्वी पिंपरीकडे एका पंख्यांच्या कारखान्यात दर्जा तपासनीस होते. बाहेरचे स्वस्त पंखे आले, कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला, आणि सर पंख्यांतून परग्रहावर आले. येताना कारखाना बरोबर घेऊन आले. खेळ सुरू केला की ते आधी फोन कानाला लावत.

“सर, काय ऐकताय?” मी एकदा धीर करून विचारलं.

“घरघर येते का बघतोय.”

“यात काही फिरत नाही, सर.”

“पंख्यातही फिरतं ते दिसतं. बिघडतं ते ऐकू येतं.” आणि मग ठरलेलं वाक्य: “पंख्यात हे चाललं नसतं.”

हे वाक्य ते कशालाही लावत. कँटीनच्या उपम्याला, कंपनीच्या बसला, परदेशातून येणाऱ्या ईमेलला. बाईंचे बूट चिखलातून जाऊनही स्वच्छ राहतात अशी तक्रार त्यांनी रीतसर नोंदवली होती. वरून उत्तर आलं, हा दोष नाही. सर म्हणाले, “पंख्यात हे चाललं नसतं.” पंख्याला बूट नसतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सर सगळ्यांना अहोजाहो करत. मला अनुजा मॅडम, चहावाल्याला शेठ. बाईंनाही तसंच. “बाई लिफ्टमध्ये अडकल्या.” “बाई पाण्यात उतरल्या, पण त्यांना वर येता येईना.” त्यांच्या तक्रारी इंग्रजीत नीट करून पाठवणं माझ्याकडे होतं. त्यांचा मूळ मजकूर असा असे: ‘मॅडम इज स्टँडिंग इन एअर सिन्स मॉर्निंग. काइंडली डू द नीडफुल.’ मी त्याचं साधं इंग्रजी करत असे, आणि दर वेळी काहीतरी कमी झाल्यासारखं वाटत असे.

दुसऱ्या भागात बाई एकट्या नव्हत्या. पहिल्या भागात गुहेत पाणी उपसणारं एक बुटकं यंत्र होतं, ते या भागात त्यांच्या मागे मागे चालू लागतं. कागदोपत्री त्याला कसलासा क्रमांक होता. सर त्याला पिंट्या म्हणत, म्हणून मग सगळेच म्हणायला लागले. पिंट्या लढत नसे, उडी मारत नसे. अंधार आला की डोक्यावरचा दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. चाल हळू. खेळणारे त्याला मागे टाकून पुढे जात, आणि पुढच्या खोलीत तो आपोआप हजर होई. प्रोग्रामरने तशी सोय केली होती.

सर मात्र थांबत. लिफ्टचं दार उघडलं की बाईंना दारात उभं करून पिंट्या येईपर्यंत वाट बघत. त्यामुळे इतरांचा एक फेरा होई तेवढ्यात सरांची अर्धी गुहा होई. आमचा टीम लीडर मंदार हुशार, भला आणि कायम घाईत. तो एकदा त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“सर, थांबू नका हो. तो येतो.”

“कसा येतो?”

“कोडमध्ये आहे. तुम्ही खोली बदलली की तो तिकडे असतो.”

“एकटा येतो?”

“येत नाही, सर. असतो.”

सरांनी यावर विचार केला. पिंट्या डुलतडुलत लिफ्टपाशी पोहोचला तेव्हा त्यांनी बटण दाबलं. “आला,” ते म्हणाले. मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

सरांची एक तक्रार मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसली होती, कारण ती बंद केली की ते पुन्हा उघडत. बाई मेल्या की पडदा कडेकडेने काळा होत जाई, आणि शेवटपर्यंत मधोमध पिंट्या उभा दिसे, दिवा लावून. मग सगळं विझे. सरांचं म्हणणं, हा दोष आहे. मालकांकडून उत्तर आलं, हे मुद्दाम तसंच ठेवलंय, सुंदर दिसतं. मंदारने तक्रार बंद केली. सरांनी उघडली. मंदारने परत बंद केली आणि शेजारी येऊन विचारलं, “सर, नक्की काय चुकतंय तेवढं सांगा. मी भांडतो तुमच्यासाठी.”

“तो तिथेच राहतो,” सर म्हणाले.

“हो, मग?”

“मग काही नाही. तो तिथेच राहतो.”

रोज दुपारी एक वाजता सर खिडकीपाशी जाऊन घरी फोन लावत. फोन त्यांचा स्वतःचा, बाजारातला सगळ्यात स्वस्त, रबराच्या बटणांचा. बोलणं ठरलेलं. “जेवलात का? वहिनींनी वाढलं ना? गॅसकडे जायचं नाही. टीव्ही बघा. मी येतो.” पलीकडे मुलगा असणार असं सगळे धरून चालले होते, आणि सर आपल्या मुलालाही अहोजाहो करतात, यावर ऑफिसात बराच विनोद झाला होता.

मग जागेची अडचण आली. ही गोष्ट आताच्या फोनवाल्यांना सांगून पटत नाही. तेव्हाच्या स्वस्त फोनमध्ये, आज एका फोटोला लागते त्याहून कमी जागेत, अख्खा खेळ बसवावा लागे. महागड्या फोनांवर आमचा खेळ छान चालत होता. पण आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा, सरांच्या खिशात होता तो फोन, त्याला घेईना. मंदारने हिशेब करून सांगितलं, “पिंट्या काढला की बसतो.” पिंट्याची चालतानाची, थांबल्याची, दिवा लावल्याची अशी बरीच चित्रं होती आणि ती जड होती. या एका फोनपुरता पिंट्या काढायचा, बाई एकट्याच जातील, पहिल्या भागातही एकट्याच होत्या. सोमवारी मालकांशी फोनवर बोलून नक्की करायचं ठरलं.

सरांनी खुर्ची उचलली आणि प्रोग्रामर तेजसच्या शेजारी नेऊन मांडली. पुढचे दिवस ते तिथेच होते. काटकसर काय असते ते मी तेव्हा पाहिलं.

“या आभाळात दोन चंद्र कशाला? एक पुरे.”

“सर, परग्रह आहे.”

“परग्रहावर एक असायला बंदी आहे का?”

एक चंद्र गेला. मग धबधब्याचा फेस गेला. मग वटवाघळं. “इतकी कशाला? दोन ठेवा. तीच फिरून येतील. अंधारात कोण ओळखतंय?” मग बाईंच्या केसांवर आले. “हेल्मेट घातल्यावर केस उडतात कसे? काढा.” तेजस काढत होता, वजन करत होता, आणि सांगत होता, “चिमूटभर निघालं, सर.” सर म्हणत, “निघालं ना? पुढे चला.” आठवडाभरात परग्रह पार धुतल्यासारखा दिसायला लागला. तरी जागा पुरेना.

शुक्रवारी मी पाण्याची बाटली भरायला चालले होते तेव्हा तेजसचा आवाज आला, “सर, सगळ्यात जड तर हे आहे. सुरुवातीची गोष्ट. हे काढलं की संपलंच.”

मी थांबले. खेळ सुरू होण्याआधी चार चित्रं येत आणि चित्रांखाली मजकूर. बाई का परतल्या, मागच्या वेळी काय राहून गेलं होतं, याची गोष्ट. ती मी लिहिली होती. मालकांनी आपल्या लेखकाचा मजकूर बाजूला ठेवून माझा घेतला होता. ऑफिसात मी वर्षभरात जेवढं बोलले नसेन तेवढं त्या चार चित्रांखाली होतं. घरी मी हे सांगितलं नव्हतं. खेळ बाजारात आला की दाखवायचं ठरवलं होतं.

“ते अनुजा मॅडमचं आहे,” सर म्हणाले. “त्याला हात लावायचा नाही.”

“पण सर, पिंट्या—”

“त्यांचं आहे ते. दुसरं काहीतरी बघा.”

मी बाटली न भरताच परत आले.

शनिवारी आमची सुट्टी, पण सोमवारच्या बोलण्यासाठी मंदारला तो स्वस्त फोन हवा होता. कंपनीने तपासणीसाठी घेतलेला तो फोन सर परवानगीने घरी नेत असत. आदल्या दिवशी ते दुपारीच घरी गेले होते आणि आता येता येणार नाही म्हणाले. माझ्याकडे स्कूटी होती, म्हणून मंदारने मला वारज्याला पाठवलं.

सोसायटी नवी होती, भोवती अजून बांधकामं चाललेली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते सरांनी नाही. पंचेचाळिशीचे, अंगाने भरलेले एक गृहस्थ होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस पाण्याने बसवलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वळले, आणि आत जाऊन सरांच्या पाठीमागे उभे राहिले.

“या मॅडम. हे विलासराव, माझे धाकटे भाऊ. विलासराव, नमस्कार करा.”

विलासरावांनी सरांच्या खांद्याआडून नमस्कार केला. मग मला दिसलं की सर पाणी आणायला गेले की विलासराव मागे जातात, सर बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती सरळ करायला वळले की तेही वळतात. दोन पावलांचं अंतर ठेवून. सरांनी आपली चाल त्यांच्या चालीइतकी हळू केली होती, आणि ती आता केल्यासारखी वाटत नव्हती.

“शेजारच्या वहिनी दिवसा यांच्याकडे बघतात,” सर म्हणाले. “काल त्या गावाला गेल्या. म्हणून मला निघता आलं नाही. दूध संपलंय, मी खालून घेऊन येतो. तुम्ही बसा. विलासराव, तुम्ही थांबा.”

विलासराव थांबले. सरांनी जिथे त्यांच्या हाताला हात लावला होता, तिथेच, दाराकडे तोंड करून. मी सोफ्यावर बसले होते. ‘बसा ना’ म्हणावंसं वाटलं, पण मला ते चटकन जमत नाही. त्यांनी भिंतीला टेकही घेतली नाही. जिन्यात पावलं वाजली की त्यांचा चेहरा उजळे, पावलं वर निघून जात, आणि ते पुन्हा वाट बघायला लागत.

सर पिशवी घेऊन आले. “अहो, बसायचं की. मी येतो म्हटलं होतं ना.”

चहा करताना ते स्वयंपाकघरातून बोलत होते, नेहमीच्याच आवाजात. “आई होती तोवर आईच्या मागे असायचे. ती दवाखान्यात गेली तेव्हा मी कागदपत्रांत अडकलो. मला वाटलं, मामांनी यांना घरी नेलं. मामांना वाटलं, मी. संध्याकाळी गेलो तर कॉट रिकामी, चादरसुद्धा बदललेली, आणि हे शेजारी उभे. साखर किती घालू?”

मी म्हटलं, एक चमचा.

“मला आता बंद आहे. तपासणीत निघाली. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. मी चालतो. हेही चालतात. यांची तब्येत एकदम उत्तम आहे.” ते हसले. “माझ्यापेक्षा खूप जगतील.”

चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून फोन काढला. विलासराव लगेच खुर्चीजवळ आले आणि वाकून बघायला लागले.

“तपासायला पहिल्या दोन गुहांपुरताच खेळ यात बसवलाय, तेवढा आवडतो यांना. बाईंकडे लक्ष नसतं, पिंट्याकडे असतं. दिवा लागला की हसतात. फक्त बाईंना काही होऊन चालत नाही. बाई पडल्या की पिंट्या तसाच उभा राहतो, आणि मग हे जेवत नाहीत. घरची ही सवय, म्हणून ऑफिसातही हात जात नाही.” त्यांनी आपल्या खिशातला तसाच फोन चाचपला. “खेळ बाजारात आला की यावर घेणार होतो. कंपनीचा फोन काय, आज ना उद्या द्यायचाच आहे.”

त्यांनी फोन पिशवीत घालून माझ्या हातात दिला. विलासरावांची नजर पिशवीबरोबर माझ्याकडे आली.

“मंदारसाहेबांना सांगा, माझी हरकत नाही. फोन लहान आहे, त्याला कोण काय करणार. काढा पिंट्याला. मात्र काढायचा तर तो पहिल्यापासूनच नसू दे. दोन गुहा बरोबर आणून मग जागा नाही म्हणून सोडू नका.”

खाली आल्यावर मी स्कूटीवर बसून राहिले. वर गॅलरीत सर उभे होते, हात दाखवत. त्यांच्या मागे दुसरा हात होता, तोही दाखवत होता.

सोमवारी बैठकीच्या खोलीत टेबलाच्या मधोमध स्पीकर ठेवलेला. अशा बोलण्यांत माझं काम ऐकणं आणि नंतर लिहून काढणं. मला कुणी काही विचारत नसे आणि मी त्याबद्दल आभारी असे. सर समोर बसले होते, हाताची घडी घालून. मंदारने इंग्रजीत मांडलं: दोन चंद्रांपैकी एक काढला, फेस काढला, बरंच काढलं, तरी थोडक्यात अडतंय. या फोनपुरता बाईंचा सोबती काढावा असं आम्ही सुचवतो. पलीकडचा माणूस म्हणाला, वाईट वाटतं, पण ठीक आहे. कुणाला काही बोलायचंय का?

मंदारने सवयीने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली, नाही.

मी आधी इंग्रजीत बोलले, स्पीकरकडे बघून, आणि ते इंग्रजी माझ्याच कानाला परकं वाटलं. मंदार म्हणाला, “काय? परत सांग.” तेव्हा मी सरांकडे बघून मराठीत सांगितलं:

“सुरुवातीची गोष्ट काढा. ती माझी आहे, त्यामुळे मला विचारलं तर माझी परवानगी आहे. बाई का आल्या ते कुणाला कळलं नाही तरी चालेल. पिंट्या राहू दे.”